नळाचा अर्ज आणि गटाराचा जोड



गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीत सकाळच्या पाण्याला वास येऊ लागला. पहिली दोन भांडी पिवळसर, मग हळूहळू पाणी साफ. पहिल्या आठवड्यात कुणी मनावर घेतले नाही. दुसऱ्या आठवड्यात तीन घरांतली मुले जुलाबांनी आडवी झाली, एका मुलीला कावीळ झाली. मग रविवारी पाच-सहा जणी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, तुम्ही ऑफिसात कागदं बघता. एक अर्ज लिहून द्या. पालिका घाण पाणी सोडते."

अर्ज लिहायला बसलो. पण त्याआधी म्हटले, आपल्या नळाची लाइन येते कुठून ते एकदा बघून येऊ. मी काही इंजिनियर नाही. बी.कॉम. झालेला कारकून, आवक-जावक रजिस्टर सांभाळणारा माणूस. तरी जे दिसले ते समजायला इंजिनियर लागत नव्हता. रस्त्याच्या मोठ्या लाइनीपासून आमच्या गल्लीपर्यंत येणारे सात-आठ बारीक पाइप उघड्या गटारातून येत होते. घाणीत बुडालेले, गंजलेले, दोन ठिकाणी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. पालिकेने पाणी चांगलेच सोडले होते. ते आमच्या पाइपात येऊन नासत होते.

कसे, ते नीट समजून घ्या. आपल्या वस्त्यांत नळाला दिवसातून काही तासच पाणी असते. पाणी चालू असते तेव्हा पाइपात दाब असतो, म्हणून पाइपाला भोक असले तरी पाणी बाहेर गळते, गटारातले आत येत नाही. पाणी गेले की पाइप रिकामा पडतो, दाब उतरतो, आणि त्याच भोकातून गटार आत शिरते. त्यात एखाद्याने नळाला थेट मोटर लावली असेल तर ती मोटर हे पाणी ओढूनच घेते. दुसऱ्या दिवशी नळ आला की रात्री शिरलेली घाण पहिल्यांदा आपल्या हंड्यात. पहिली भांडी पिवळी का, याचे उत्तर हे आहे.

मग गटारातून पाइप टाकले कुणी? आम्हीच. खोदकामाचा खर्च नको, रस्ता फोडायची परवानगी नको, शेजाऱ्याच्या ओट्याखालून जायची कटकट नको. गटार आयतेच खणलेले होते. कुणीतरी ओळखीचा प्लंबर आणला, त्याने रात्रीतून काम उरकले, आणि आम्ही पोरांना पाणी मिळाले म्हणून पेढे वाटले. मीही एक पेढा खाल्ला होता.

नियम याबाबतीत अगदी सरळ आहे. मुंबईत नळजोडणीचे काम पालिकेचा परवाना असलेल्या प्लंबरकडूनच करून घ्यायचे असते. पिण्याच्या पाण्याचा पाइप गटारातून किंवा मैल्याच्या चेंबरमधून न्यायचा नसतो. मलवाहिनीच्या शेजारून न्यावा लागला तर अंतर राखून आणि तिच्यापेक्षा वरच्या अंगाने. गटार ओलांडण्यावाचून इलाजच नसेल तर वरून, मोठ्या पाइपाच्या आवरणातून, आणि तेवढ्या टप्प्यात सांधा न ठेवता. प्लंबरला काम देण्याआधी त्याचा परवाना मागून पाहा. खरा परवानेवाला रागावत नाही. जो "काय भाऊ, विश्वास नाही का?" म्हणतो, त्याच्यावर खरेच ठेवू नका.

आता कुणी म्हणेल, आमची झोपडीच अधिकृत नाही, आम्हाला कोण परवानगी देणार? हा प्रश्न खरा आहे, आणि चोरट्या जोडण्या इथूनच सुरू होतात. १९९६ साली राज्य शासनाने काढलेल्या परिपत्रकाने अनधिकृत बांधकामांना पाणी द्यायला मनाई केली होती. पाणी हक्क समिती त्याविरुद्ध न्यायालयात गेली. १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की पाणी हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि घर बेकायदेशीर आहे एवढ्यावरून माणसाला पिण्याचे पाणी नाकारता येणार नाही. पालिकेने त्यासाठी धोरण आखावे. याचा अर्थ प्रत्येक दारात नळ देण्याचा हुकूम झाला असा नाही. सार्वजनिक नळ देता येईल, दर जास्त लावता येईल, ही मोकळीक पालिकेला राहिली. पण दरवाजा उघडला. २०२२ साली पालिकेने 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण लागू केले. तेव्हा "तुमची वस्ती बसत नाही" असे कुणी तोंडी सांगितले तर तोंडी ऐकून परत येऊ नका.

इथे कारकून म्हणून माझा एक अनुभव सांगतो. टेबलावर ठेवलेला अर्ज आणि नोंदवलेला अर्ज यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. तो क्रमांक मिळेपर्यंत खिडकीवरून हलू नका. आवक क्रमांक पडला की कागद कुणाच्या तरी नावावर चढतो, आणि मग तो हरवायला साहेबांनाही जड जाते. दलाल हजारो रुपये घेऊन जे 'काम करून देतो' म्हणतो, त्यातला अर्धा भाग हाच असतो. नळ पाच-दहा घरांत मिळून असेल तर बिल ज्याच्या नावावर येते त्याच्याकडून दरवेळी पावतीची झेरॉक्स घ्या. आमच्या मागच्या गल्लीत एका गृहस्थाने दोन वर्षे सगळ्यांचे पैसे घेतले आणि बिल भरलेच नाही. जोडणी तुटली तेव्हा कळले.

हे झाले येणाऱ्या पाण्याचे. जाणाऱ्या पाण्याकडे आपण बघतच नाही. मोरीतून गेले, संडासातून गेले, म्हणजे संपले!

घरातून निघालेल्या मैल्याच्या पाइपाला तीन गोष्टी लागतात. पहिली ट्रॅप. संडासच्या भांड्याखाली किंवा मोरीच्या नहाणी ट्रॅपमध्ये थोडे पाणी कायम अडून राहते. ते पाणी म्हणजे झाकण. गटारातला वायू त्यामुळे घरात येत नाही. पाणी लवकर जावे म्हणून ट्रॅपच काढून टाकणारे बहाद्दर मी पाहिलेत. दुसरी गोष्ट उतार. चार इंची पाइपाला चाळीस फुटांत एक फूट, सहा इंचीला साठ फुटांत एक फूट, हा प्लंबर मंडळींचा जुना हिशेब. उतार कमी पडला की मैला जागीच बसतो. तिसरी गोष्ट, पाइप जिथे वळतो किंवा दुसऱ्याला मिळतो तिथे तपासणीचा चेंबर. शिवाय वायू निघून जायला छतापर्यंत जाणारा पाइप. आणि हे सगळे मलवाहिनीला मिळाले पाहिजे, पावसाच्या पाण्याच्या गटाराला नाही. ते गटार नाल्याला जाते आणि नाला समुद्राला. तिथे संडास जोडणे हा गुन्हा आहे, तरी गल्लोगल्ली तेच चालते.

चेंबरसाठी जागा जाते म्हणून आपण तो गाळतो, किंवा त्यावर लादी बसवून वर ओटा करतो. मग तुंबले की वरून बांबूच्या पट्ट्या घालायला वाट नाही, मशीनचा पाइप सोडायला तोंड नाही. मग काय उरते? माणूस. जोड नीट नसला की शेवटी माणूस उतरवावा लागतो, आणि तो माणूस कुठल्या समाजातला असतो हे या पानाच्या वाचकांना मी सांगायला नको.

मला हे लिहिण्याचा फार अधिकार आहे असे नाही. २०१६ साली मी ज्या सोसायटीचा खजिनदार होतो तिथली संडासची टाकी भरली. आपल्याकडे लोक तिला 'सेफ्टी टँक' म्हणतात. तिच्यात सेफ्टी कसली ते तेव्हा पाहिले. शोषण करणारी गाडी आत येईना, कारण वाटेत आम्हीच पत्र्याची शेड घातली होती. कुणीतरी एका पोराला घेऊन आला. मराठवाड्यातून कामाला आलेला, विशी-बाविशीचा. कमरेला दोरी बांधून तो उतरला. तिसऱ्या खेपेला वर आला तो डोळे पांढरे करून, ओकला, तासभर जिन्याखाली पडून राहिला. जगला. मी व्हाउचर केले, 'टाकी सफाई रु. १,५००', आणि त्यावर सही केली. पैसे घेऊन जाताना त्याने मला जयभीम केला.

हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा तेव्हा लागू होऊन तीन वर्षे होत आली होती. लागू झाल्याची तारीखही ६ डिसेंबर. कलम ७ म्हणते, कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी, थेट किंवा आडमार्गाने, कुणाला गटाराच्या अगर टाकीच्या धोकादायक सफाईसाठी कामाला लावणार नाही. शिक्षा कलम ९ मध्ये: पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, त्यानंतर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'कोणतीही व्यक्ती' यात कंत्राटदार आला, सोसायटीचा सेक्रेटरी आला, आणि व्हाउचरवर सही करणारा खजिनदारही आला.

टाकीत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू साठतो. थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होते, वास येईनासा होतो. उतरणाऱ्याला वाटते, आता ठीक आहे. तो पडला की वाचवायला दुसरा उडी घेतो, मग तिसरा. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतल्या एका गृहनिर्माण सोसायटीची टाकी साफ करताना तीन कामगार असेच गेले. त्यांच्या विधवा उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा सप्टेंबर २०२१ मध्ये प्रत्येकीला दहा लाख देण्याचा आदेश राज्य शासनाला झाला. दहा लाखांचा आकडा सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ ला ठरवला होता. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने तो तीस लाख झाला. ही रक्कम मागून मिळते, आपोआप घरी येत नाही. ज्यांच्या घरी असे झाले असेल त्यांनी पोलिसातली नोंद आणि शवविच्छेदनाचा कागद जपून ठेवावा.

टाकी दोन-तीन वर्षांनी गाडीकडून उपसून घ्यायची, तुंबायची वाट पाहायची नाही. गाडीचा पाइप पोचेल इतकी वाट मोकळी ठेवायची. मुंबईत गटार तुंबल्याची तक्रार १९१६ वर करता येते. टाकी उपसण्यासाठी १४४२० हा क्रमांक आहे. फोन केल्यावर तक्रार क्रमांक लिहून घ्या.

महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव १९२४ च्या जानेवारीतच केला होता. कागदावर तळे खुले होते. बाबासाहेब २० मार्च १९२७ ला लोकांना घेऊन तिथे गेले, पुढे त्याच नगरपालिकेने ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल हाती यायला १९३७ उजाडले. परवा त्या आयाबहिणींना मी हे सांगितले, तेव्हा एक आजी म्हणाल्या, "म्हणजे आपला अर्ज दहा वर्षं का?" मी म्हटले, नाही, पण आवक क्रमांक घ्या.

आमच्या गल्लीचा अर्ज गेला आहे, क्रमांक मिळाला आहे. परवानेवाल्या प्लंबरने पाइप गटारातून काढून भिंतीच्या कडेने नेण्याचा अंदाज दिला, घरटी अठराशे रुपये. चौदा घरांनी भरले. दोन घरे ओटा फोडू द्यायला तयार नाहीत, त्यातले एक माझ्या सख्ख्या चुलतभावाचे आहे. येत्या रविवारी विहारात त्यावर बैठक आहे. तोपर्यंत पहिली भांडी फेकून द्या, प्यायचे पाणी खळखळ उकळून घ्या, आणि नळाला थेट मोटर लावू नका.