एक वस्तू, एक तास

आमच्या महाविद्यालयात दर वर्षी वस्तुसंग्रहालयाची भेट होते. विद्यार्थी रांगेने आत जातात, पाट्यांवरची नावे वहीत उतरवून घेतात, तासाभरात सारी दालने संपवून बाहेर चहाला येतात. मग अहवाल लिहिला जातो, छायाचित्रे जोडली जातात आणि भेट 'यशस्वीरीत्या संपन्न' होते. हा दोष विद्यार्थ्यांचा नव्हे. वर्षानुवर्षे ही भेट आम्हीच अशी योजत आलो आहोत.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात असे घाईने फिरणे विशेष खटकते. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी (१८९६-१९९०) आयुष्यभर जमवलेला हा संग्रह बालवयात गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, स्मृतीला अर्पण केला. वीस हजारांहून अधिक वस्तूंच्या या संग्रहाचे खरे वैभव घरगुती वापराच्या वस्तूंत आहे : दिवे, अडकित्ते, वज्र्या, दौती, फण्या. एका कवीने रोजच्या जगण्यातील या साध्या वस्तू जपून ठेवाव्यात, हे साहित्याच्या अभ्यासकाला अंतर्मुख करणारे आहे.

वर्गात 'लामणदिवा' हा शब्द आला की आम्ही 'टांगता दिवा' असा अर्थ सांगून पुढे जातो. अर्थ कळतो, पण प्रतिमा उभी राहत नाही. प्रत्यक्ष दिव्यापुढे उभे राहिल्यावर साखळीची लांबी दिसते, तेलाची जागा दिसते आणि तो रोज कोण लावत असेल, हा प्रश्न आपोआप पडतो. अडकित्त्याचेही तसेच. सुपारी कातरण्याला दोन पाती पुरेशी होती, तरी कारागिराने त्याला पक्ष्याचा, प्राण्याचा, मनुष्याकृतीचा घाट दिला. अलंकार हा काव्याला वरून चिकटवलेला असतो की त्याच्या घडणीतच असतो, हा काव्यशास्त्रातील जुना वाद त्या अडकित्त्यापुढे जितका सहज समजावता येतो, तितका फळ्यावर येत नाही.

मात्र या संग्रहालयाने आम्हांला अधिक मोलाचा धडा दिला तो वेगळाच. आमची एक विद्यार्थिनी वर्गाबरोबर जाऊन आली आणि पुढच्या रविवारी आजीला घेऊन पुन्हा गेली. टाचा घासण्याच्या नक्षीदार वज्रीपुढे आजी थांबली आणि म्हणाली, "ही मोठ्या घरची गं. आम्ही खापरीनंच घासायचो." मग ओढ्यावरचे धुणे, भेगाळलेल्या टाचा आणि लग्नाच्या आदल्या दिवशी आईने घासून दिलेले पाय असे पुष्कळ काही ती सांगत राहिली. घरात फारसे न बोलणारी ही बाई तेथे अर्धा तास बोलत होती, असे विद्यार्थिनीने लिहिले आहे. त्या चार पानांत पाटीवरून उतरवलेला एकही शब्द नव्हता.

कलेचा आरोग्याशी संबंध जोडणे आता भाबडेपणाचे मानले जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन हा संबंध मांडला. कॅनडातील माँट्रियल येथे २०१८ पासून डॉक्टरांना रुग्णासाठी कलासंग्रहालयाची विनामूल्य भेट लिहून देण्याची सोय झाली. संग्रहालय औषधाची जागा घेत नाही, हे उघड आहे. पण आपल्या आयुष्याविषयी कोणी काही विचारावे आणि आपल्यापाशी सांगण्याजोगे काही असावे, हा म्हातारपणातला लहानसा आधार नव्हे. वस्तू तो प्रश्न विचारायला निमित्त देते.

आजीच्या त्या एका वाक्यात टीकाही आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. 'मोठ्या घरची' वज्री काचेआड जपली गेली. खापरी वापरून फेकली गेली. कारागिरीच्या दृष्टीने केलेल्या संग्रहात असे होणे स्वाभाविकच आहे. परंतु ज्यांच्या घरातले काहीच तेथे नाही, त्यांना ते दालन आपले कसे वाटावे? दलित आणि ग्रामीण साहित्याने मराठी वाचकाला हाच प्रश्न कधीचा विचारलेला आहे. तोच प्रश्न संग्रहालयातही विचारला गेला पाहिजे. तो विचारायला शिकवणे हे आमचेच काम, कारण पाटीवर जे लिहिलेले नाही ते वाचणे यालाच आपण साहित्याचा अभ्यास म्हणतो.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. यापुढे यादी नको, सारी दालनेही नकोत. प्रत्येक विद्यार्थ्याने एकच वस्तू निवडावी, तिच्यापुढे तासभर थांबावे. शक्य असेल तर घरातले एखादे वडीलधारे माणूस सोबत न्यावे आणि ऐकलेले लिहून आणावे. बसायला दोन बाके आणि मराठीतून सविस्तर माहिती, एवढे संग्रहालयांकडून मिळाले तरी पुष्कळ झाले. अहवाल थोडा आखूड होईल. खापरीची नोंद मात्र निदान एका वहीत राहील.