अबाऊट लागत नाही!

इडियम म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? आभाळातून बदाबदा पडणारी कुत्री-मांजरं? माझ्या तरी तेच यायचं. २०२२मध्ये जीमॅटच्या अभ्यासाला बसले आणि पहिल्याच दिवशी कळलं, की इथे तसलं गमतीदार काही नसतं. जीमॅटवाल्यांचं इडियम म्हणजे कुठल्या शब्दापुढे टु, कुठल्यापुढे फ्रॉम आणि कुठल्यापुढे काहीच नाही. फॉरबिड असेल तर टु, प्रोहिबिट असेल तर फ्रॉम. का, असं विचारायचं नाही. पाठ करायचं!

तेव्हा व्हर्बलला ६५ मिनिटांत ३६ प्रश्न असायचे. त्यातले साधारण एक-तृतीयांश सेंटेन्स करेक्शनचे. तिथेच हे इडियम दबा धरून बसलेले. मी आपली यादी करून बाथरूमच्या आरशावर चिकटवली. दात घासताना घोकंपट्टी.

पण घोकता घोकता एक भारी गोष्ट लक्षात आली. माझ्या निम्म्याअधिक चुका मराठीच्या होत्या. आपल्याला 'पेक्षा' म्हणायची सवय. कॉफीपेक्षा चहा बरा, म्हणून 'प्रिफर टी दॅन कॉफी'. परीक्षेला हवा टु. ह्याच्यापेक्षा तो वेगळा, म्हणून 'डिफरंट दॅन'. त्यांना हवा फ्रॉम. बॉसवर रागावतो आपण, म्हणून 'अँग्री ऑन'. कधीकधी मात्र मराठीच धावून यायची. कन्सिडरपुढे अ‍ॅज लावायचा नाही, हे भल्याभल्यांच्या डोक्यात शिरत नाही. मी मनात म्हणायचे, 'मी त्याला मित्र मानते.' आहे का मध्ये काही? नाही ना? मग तिथेही नाही. डिपेंडला ऑन का, तर आपणही कुणावर तरीच अवलंबून असतो. (हा फंडा कुठल्याही क्लासच्या नोट्समध्ये नव्हता. माझाच.)

तर, त्याच दिवसांत एका रविवारी घरी गेले होते. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. जेवताना त्यांनी बिल्डरला लिहिलेलं पत्र कौतुकाने वाचून दाखवायला घेतलं. 'वी हॅव डिस्कस्ड अबाऊट द लीकेज...'

"बाबा, डिस्कसपुढे अबाऊट लागत नाही."

"असं? बरं." त्यांनी पेनाने खोडलं. पुढच्या ओळीत 'कम्प्राइजेस ऑफ' होतं. तेही सांगितलं. मग 'कोप अप विथ'. मी जाम फॉर्मात होते. आईने डोळे वटारले ते मला वरणभात संपल्यावर दिसले.

हा माणूस तीस वर्षं सरकारी ऑफिसात इंग्रजी ड्राफ्टिंग करत होता. आम्ही क्वार्टर्समध्ये राहायचो तेव्हा अख्ख्या बिल्डिंगचे इंग्रजी अर्ज आमच्या डायनिंग टेबलवर लिहिले जायचे. माझ्या कॉलेज अ‍ॅडमिशनचाही तिथेच. त्यात किती अबाऊट होते कोण जाणे, अ‍ॅडमिशन मात्र झाली.

परीक्षा दिली, स्कोअर बरा आला, एमबीए मात्र बारगळलं. तो वेगळ्या कॉलमचा विषय. नोव्हेंबर २०२३मध्ये जीमॅटची नवी आवृत्ती आली आणि सेंटेन्स करेक्शन त्यातून चक्क गायब. ३१ जानेवारी २०२४ला जुनी परीक्षाही बंद. माझी आरशावरची यादी एका झटक्यात रद्दी!

बाबांना फोन करून सांगितलं, "ते सगळं काढूनच टाकलं हो परीक्षेतून."

"मग आता अबाऊट चालतो?"

"नाही, बाबा. चालत नाहीच."

"बरं," म्हणाले आणि जेवलीस का विचारलं.

परवा घरी गेले तेव्हा लिफ्टमध्ये सोसायटीची नोटीस लावलेली होती. टाकी धुणार, पाणी बंद. खाली बाबांची सही. पूर्वी त्यांच्या नोटिसा इंग्रजीत असायच्या. ही मराठीत होती.