ताऱ्यांचा ताळेबंद

अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलमध्ये दोन हाडवैरी संघांची तुलना आता मैदानावर पुरी होत नाही. ती त्याआधीच कागदावर उरकलेली असते. (हा फुटबॉल म्हणजे शिरस्त्राणे घालून, लंबगोल चेंडू हातात धरून, अंगावर अंग घालीत खेळावयाचा तिकडचा खेळ.) शाळेत शिकणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मानांकन-संस्था दोनपासून पाचपर्यंत तारे बहाल करतात. कोणत्या विद्यापीठाने किती तारे पदरात पाडले याची दरवर्षी बेरीज होते आणि मग 'आमची गुणवत्ता तुमच्यापेक्षा सरस' असे घोषित केले जाते. आम्ही मराठी शिकवणारी माणसे. आम्हांला या खेळाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. गुणवत्ता कोठे असते, ती कशी ओळखावी आणि तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार कोणाला, हे प्रश्न मात्र आमच्याच व्यवसायातले आहेत.

प्रथम या ताऱ्यांचे स्वरूप पाहावे. '२४७ स्पोर्ट्स' ही संस्था एका तुकडीतील साधारण ३२ मुलांनाच पाच तारे देते. ३२च का? तर व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडीच्या पहिल्या फेरीत ३२ जागा असतात म्हणून! म्हणजे हा तारा मुलाने आजवर काय केले याची पावती नव्हे. तीन-चार वर्षांनी बाजार त्याला काय भाव देईल याचे ते भाकीत आहे. निरनिराळ्या संस्थांच्या भाकितांची सरासरी काढून ती चार दशांश स्थळांपर्यंत छापतात. मनुष्याच्या भवितव्याची अशी दहाहजारांशापर्यंतची मोजणी आमच्या जुन्या ज्योतिषांनाही साधली नव्हती.

या पद्धतीच्या समर्थकांचे म्हणणे निखालस खोटे आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पाच ताऱ्यांची मुले व्यावसायिक संघांत निवडली जाण्याचे प्रमाण तीन ताऱ्यांच्या मुलांपेक्षा पुष्कळच जास्त आहे. बड एलियट या अभ्यासकाने दाखवून दिले की, अलीकडच्या काळात राष्ट्रीय विजेते ठरलेल्या संघांत चार व पाच ताऱ्यांची भरती बहुधा निम्म्याहून अधिक असते. 'तारे म्हणजे थोतांड' असे म्हणणारे भाबडे लोक या वादात आमच्या बाजूचे नव्हेत. आमचा आक्षेप वेगळा आहे. शेकडो मुलांच्या समूहाविषयी जे ढोबळमानाने खरे, ते एका मुलावर, एका संघावर, एका दुपारवर लादले जाते, आणि ते फसले तरी मोजमाप कधीच दोषी ठरत नाही.

ओहायो स्टेट आणि मिशिगन यांचे वैर घ्या. १८९७पासून हे दोघे एकमेकांशी खेळत आले आहेत. भरतीच्या कोष्टकात ओहायो स्टेट गेली कित्येक वर्षे मिशिगनच्या वर असते. तरीही २०२१ ते २०२४ असे सलग चार सामने मिशिगनने जिंकले. २०२१मध्ये ४२-२७, पुढच्या वर्षी ४५-२३, मग ३०-२४. त्या काळातील मिशिगनच्या यशावर प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याच्या प्रकरणाची सावली आहे हेही सांगितले पाहिजे. पण ते प्रकरण २०२३मध्येच उघडकीस आले होते. २०२४चा सामना त्यानंतरचा. त्या वर्षी ओहायो स्टेटचा संघ सुमारे दोन कोटी डॉलरचा असल्याचे त्यांच्या क्रीडा-संचालकांनीच सांगितले होते. मिशिगन त्या सामन्यापूर्वी अकरांपैकी पाच सामने हरलेले. निकाल : मिशिगन १३, ओहायो स्टेट १०, तोही ओहायोच्या घरच्या मैदानावर. त्या दिवशी मिशिगनच्या आघाडीच्या फळीत केनेथ ग्रँट होता. शाळेतून आला तेव्हा त्याच्या नावापुढे तीनच तारे होते.

पण याच ओहायो स्टेटने पुढच्या जानेवारीत नोत्र दामला ३४-२३ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद पटकावले! मग काय? लगेच निष्कर्ष निघाला की, तारे शेवटी खरेच ठरले. जिंकले तर गुणवत्ता सिद्ध झाली, हरले तर प्रशिक्षकाने ती वाया घालविली. ज्या विधानाला कोणताच निकाल खोटे पाडू शकत नाही त्याला तुलना का म्हणावे? आमच्याकडेही हे अपरिचित नाही. पंच्याण्णव टक्क्यांखाली ज्यांच्या दारात उभे राहता येत नाही अशी महाविद्यालये उत्कृष्ट निकालाच्या जाहिराती देतात, तेव्हा ती आपल्या अध्यापनाची स्तुती करीत असतात की आपल्या प्रवेशयादीची, हे आम्हांला कधी उलगडलेले नाही.

कोष्टकातील दुसरी खोट अधिक गंभीर आहे. तेथे गुणवत्ता ही गोणीतल्या धान्यासारखी, हस्तांतरित होणारी पण न बदलणारी वस्तू आहे. डेस्मंड हॉवर्ड आणि चार्ल्स वुडसन हे दोघे ओहायो राज्यातले. दोघेही मिशिगनकडून खेळले आणि अनुक्रमे १९९१ व १९९७चा हाइसमन पुरस्कार घेऊन गेले. जो बरो तीन वर्षे ओहायो स्टेटमध्ये राखीव बाकावर होता. २०१८मध्ये तो लुइझियाना स्टेटमध्ये गेला. २०१९च्या हंगामात त्याने हाइसमनही मिळविला आणि राष्ट्रीय विजेतेपदही. तो ओहायो स्टेटच्या यादीत होता तेव्हा ती गुणवत्ता कोठे होती? त्याच्यात होती, हे उत्तर अर्धेच आहे. संहिता तीच असली तरी प्रयोग बदलला की नाटक बदलते, हे ज्यांनी रंगभूमी पाहिली आहे त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

१ जुलै २०२१पासून खेळाडूंना आपल्या नावाचे पैसे घेण्याची मुभा मिळाली आणि २०२५च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे त्यांना थेट मोबदला देऊ लागली. ते न्याय्यच झाले. इतकी वर्षे त्यांच्या घामावर इतरांनीच गल्ला भरला होता. पण त्यामुळे ताऱ्यांना आता किंमतीची चिठ्ठी चिकटली आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये ब्राइस अंडरवुड या अव्वल मानांकनाच्या मुलाने लुइझियाना स्टेटला दिलेला शब्द फिरविला आणि मिशिगनला होकार कळविला. दोन्ही विद्यापीठांची कोष्टके एका रात्रीत बदलली. मुलगा सतरा वर्षांचा होता, विद्यापीठाच्या संघाकडून एकही चेंडू त्याने फेकला नव्हता. वर्षभराने ओहायो स्टेटविरुद्धचा आपला पहिला सामना तो हरला, २७-९ असा. प्रथम वर्षाच्या कोणत्याही विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका आम्ही त्याच्या दहावीच्या गुणपत्रिकेशेजारी ठेवून तपासत नाही. त्या मुलाची मात्र आता प्रत्येक दुपार तशीच तपासली जाणार आहे.