निकालानंतरचा न्याय

सूड रानटी, न्याय सुसंस्कृत असे मानणाऱ्यांना एस्किलसची ‘ओरेस्तेइया’ ही नाट्यत्रयी फार सोयीची वाटते. इ. स. पू. ४५८मधील या त्रयीत आगामेम्नॉनला बायको मारते, तिला मुलगा ओरेस्तेस मारतो. शेवटी अथेन्समधल्या अरिओपागस टेकडीवर ओरेस्तेससाठी न्यायसभा बसते आणि सुडाची साखळी तुटते. मग हेच माप गडचिरोलीतल्या हेमलकसा-भामरागडच्या जंगलालाही लावतात: इथले हाडवैर संपवायला कोर्टकचेरी पुरे!

पण त्या खटल्यात मते समसमान पडतात आणि अथेना देवीच्या कौलामुळे आरोपी सुटतो. ओरेस्तेसच्या बाजूने बोलणाऱ्या अपोलो देवाचा युक्तिवाद तर असा, की आई खरी जन्मदातीच नव्हे. मेलेल्या आईची बाजू अशी उडवून लावल्यावर तिच्या खुनाचा जाब मागणाऱ्या सूडदेवता खवळल्या, यात नवल ते काय? अथेना त्यांना हाकलत नाही. त्यांची मनधरणी करून नगरात मानाचे स्थान देते. निकालाने ओरेस्तेस सुटला. अथेन्स त्यांच्या कोपातून वाचले ते या मनधरणीने.

नुसती सभा भरवल्याने न्याय होत नाही, हे गडचिरोलीने सोसले आहे. नक्षलवाद्यांनी ‘जनअदालत’ भरवून, ‘खबऱ्या’ ठरवून माणसे मारली. नाव न्यायाचे, काम सुडाचे. उलट इथल्या माडिया आदिवासींची गावपंचायत दंड ठरवते, तेव्हा दोन्ही घरांना उद्या याच गावात नांदायचे आहे, हे तिला ठाऊक असते. तिथे बाईचे म्हणणे मागे पडते, हा दोष खराच. पण अपोलोने तरी वेगळे काय केले? खुनाचा खटला न्यायालयातच चालावा. वाद आहे तो निकालापाशी थांबण्याशी.

ऑक्टोबर २०२५मध्ये नक्षलवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवली. आत्मसमर्पण करणाऱ्याला पैसा आणि पुनर्वसन मिळते, मिळावेच. पण ज्या घरातला माणूस खबऱ्या म्हणून मारला गेला, त्या घराने हे निमूट पाहायचे? पोलिसांच्या संशयात जे निष्कारण भरडले गेले, त्यांनी कुठे बोलायचे? या सगळ्यांची कैफियत ग्रामसभेत, माडिया भाषेत, सरकारी अधिकाऱ्यांसमोर ऐकली जावी आणि खोटा ठरलेला ‘खबऱ्या’चा शिक्का लेखी पुसला जावा. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३पासून याच मुलखात आहे. दवाखाना आणि शाळा यांतून विश्वास कमवायला किती वर्षे द्यावी लागतात, हे तिथे दिसते. सरकारनेही तेवढा धीर धरावा. ज्यांचा राग ऐकूनच घेतला नाही, त्यांच्याकडे क्षमा मागण्याचा हक्क कोणत्याही राज्याला नाही.