शेण काढायला चालते, मग मालकीण का नाही?

स्पष्टच लिहितो.

आपल्या अंबरनाथ-बदलापूरकडे गोठ्यातलं शेण काढायला बौद्धवाडीतल्या, कातकरवाडीतल्या बायका चालतात. मग दुधाच्या धंद्यात मालकीण म्हणून का चालत नाहीत?

हिशोब बघा. अनुसूचित जाती-जमातीला दोन दुधाळ जनावरांच्या गटावर ७५ टक्के अनुदान आहे. दोन म्हशींचं रोज २५ किलो शेण सहज निघतं. तेवढ्यावर १ घनमीटरचा बायोगॅस चालतो, तीन-चार माणसांचा स्वयंपाक होतो. लाकूडफाटा वाचतो, धूर जातो, स्लरी परसातल्या भाजीला.

पण म्हैस पशुसंवर्धनच्या टेबलावर आणि गॅस कृषी विभागाच्या! बाईने मजुरी बुडवून किती खेपा घालायच्या? आणि घराखालची जागाच नावावर नसेल तर खड्डा कुठे खणायचा?

माझं म्हणणं एवढंच. आधी जागा तिच्या नावावर करा. म्हैस आणि गॅस एकाच अर्जात द्या. दुधाचे पैसे तिच्याच खात्यात, नवऱ्याच्या नाही.

आणि "तिच्या हातचं दूध कोण घेणार?" असं पारावर बसून विचारणाऱ्यांना सांगतो, डेअरीचं मशीन फॅट बघतं, जात नाही बघत.

पटलं तर गावच्या ग्रामसभेत विषय मांडा.