पाव टक्क्याचा मोह

पहिलं घर घेणाऱ्या नाशिककराला गृहकर्जाचा सल्ला शोधत हिंडावं लागत नाही. पाथर्डी फाट्याला सॅम्पल फ्लॅट बघून खाली उतरलं की साइट ऑफिसात कर्जवाला एजंट फाइल उघडून बसलेलाच असतो. घरी साडू असतो, ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा सहकारी असतो, कॉलनीत निवृत्त बँकवाले काका असतात. एका गोष्टीवर या सगळ्यांचं एकमत असतं: ‘जिथं रेट कमी, तिथं जा.’ वरवर पाहता या सल्ल्यात खोट काढायला जागा नाही. म्हणूनच तो आधी तपासायला हवा.

पूर्वपक्षाला त्याचं माप पुरतं देऊ. कर्ज ३५ लाखांचं, मुदत २० वर्षं. साडेआठ टक्क्यांनी हप्ता येतो ३०,३७४ रुपये. पावणेनऊ टक्क्यांनी ३०,९३०. महिन्याला ५५६ रुपयांचा फरक, म्हणजे २० वर्षांत सव्वा लाखाहून जास्त. सातपूरच्या कारखान्यात तिन्ही शिफ्ट करणाऱ्याला ही रक्कम लहान नाही. पाव टक्क्यासाठी भांडावं, जरूर भांडावं. पण हा सगळा हिशोब दर २० वर्षं जागचा हलणार नाही असं धरून केलेला आहे. आपल्याकडचं गृहकर्ज बहुतेक फ्लोटिंग असतं. एजंट कागदाच्या कोपऱ्यात लिहून देतो तो दर फार तर पहिल्या काही महिन्यांचा.

दर किती हलू शकतो हे २०२२ने दाखवलं. मे २०२०पासून रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवर होता. मे २०२२मध्ये तो चढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३मध्ये साडेसहावर पोचला. २०२१च्या सुरुवातीला पावणेसात टक्क्यांनी २० वर्षांसाठी ३५ लाख घेतलेल्याचा हप्ता होता साधारण २६,६१३ रुपये. रेपोची सगळी वाढ त्याच्या कर्जात उतरली की दर झाला सव्वानऊ. आता ३५ लाखांवर सव्वानऊने एका महिन्याचं नुसतं व्याज काढून बघा: २६,९७९. हप्ता संपूर्ण जाऊन वर ३६६ रुपये देणं उरतंच! दोन वर्षांत मुद्दल थोडं फिटलेलं असतं, म्हणून हिशोब इतका उलटा झाला नाही. पण नियमित हप्ते भरून मुद्दल ३३ लाख २२ हजारांवर आलेलं धरलं, तरी जुन्याच हप्त्यात ते फिटायला आणखी ३५ वर्षांहून जास्त काळ लागतो. चाळिशीतला माणूस पंचाहत्तरीपर्यंत हप्ते भरणार.

हप्ता तसाच ठेवायचा आणि मुदत गुपचूप लांबवायची, हा सोयीचा मार्ग तेव्हा सर्रास वापरला गेला. शेवटी १८ ऑगस्ट २०२३ला रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून सांगावं लागलं की दर बदलला तर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारा. न विचारता चालत नसतं तर हे सांगायची वेळच आली नसती.

तेव्हा ‘रेट काय?’ याच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: रेट कशाला बांधलाय? २०१०पासून बेस रेट होता, एप्रिल २०१६पासून एमसीएलआर. दोन्हींत बँक आपल्याच खर्चाचा हिशोब आपणच करायची. रेपो चढला की त्याची झळ लगेच लागायची आणि उतरला की गारवा कर्जदारापर्यंत यायला महिनोन्‌महिने जायचे. म्हणून १ ऑक्टोबर २०१९पासून बँकांना नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या दराला, बहुधा रेपोलाच, बांधण्याची सक्ती झाली. निदान तीन महिन्यांतून एकदा दर नव्याने लावावाच लागतो. रेपोवर बँक जे जादा घेते तो स्प्रेड, आणि त्यातला जोखमीचा भाग कर्जदाराची पत खरोखर खालावल्याशिवाय बँकेला वाढवता येत नाही.

गृहवित्त कंपन्यांना, म्हणजे ज्यांना सगळे ‘हाउसिंग फायनान्स’ म्हणतात त्यांना, ही सक्ती नाही. त्यांचं कर्ज त्यांच्या स्वतःच्या पीएलआरवर, म्हणजे प्राइम लेंडिंग रेटवर, चालतं आणि तो कधी, किती हलवायचा हे त्यांचं त्या ठरवतात. २०२५मध्ये रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला. रेपोला बांधलेलं कर्ज असलेल्याला त्यासाठी शाखेत जाऊन कुणाला विनवावं लागलं नाही. पीएलआरवाल्याने कंपनी किती सोडते याची वाट बघितली. रेपोच्या कर्जातही जुना-नवा भेद आहेच. नव्या गिऱ्हाइकाला कमी स्प्रेड दाखवायचा आणि जुन्याला आहे तिथंच ठेवायचं, हे बँकाही करतात. पण तो भेद कागदावर आकड्यात दिसतो, आणि दिसतो तेव्हा त्यावर बोट ठेवता येतं. आज पाव टक्का स्वस्त असलेलं पीएलआरचं कर्ज आणि पाव टक्का महाग असलेलं रेपोचं कर्ज समोर ठेवलं, तर मी दुसरं घ्यायला सांगेन.

मग हाउसिंग फायनान्सवाले वाईटच का? असं म्हणणं अन्यायाचं होईल. मध्यमवर्गाला पगारावर घर घ्यायची वाट १९७७मध्ये स्थापन झालेल्या एचडीएफसीने घालून दिली. १ जुलै २०२३ला ती आपल्याच बँकेत विलीन झाली तोवर ती गृहवित्त कंपनीच होती. आजही अंबडला दोन लेथ टाकून जॉबवर्क करणारा, पंचवटीत भाजीचा घाऊक धंदा करणारा, मुलांच्या शिक्षणासाठी शहरात फ्लॅट बघणारा निफाड-दिंडोरीकडचा द्राक्षवाला, यांच्याकडे सॅलरी स्लिप नसते आणि आयटीआरमध्ये खरी कमाई उतरलेली नसते. राष्ट्रीयीकृत बँकेच्या काउंटरवर त्यांची फाइल पुढं सरकत नाही. कंपनीचा माणूस मात्र वर्कशॉपवर येतो, मशीन बघतो, बिलं चाळतो आणि उत्पन्नाचा अंदाज बांधतो. या जोखमीचे तो जास्त पैसे घेतो, यात लबाडी नाही. अशा माणसानं कर्ज तिथूनच घ्यावं, पण २० वर्षांसाठी तिथंच राहायचं म्हणून घेऊ नये. दोन-तीन वर्षं हप्ते वेळेवर आणि रिटर्न खरे भरले की बँकेचं दार उघडतं. फ्लोटिंग गृहकर्ज मुदतीआधी फेडल्याबद्दल व्यक्तीकडून दंड घेता येत नाही. म्हणून ‘नंतर बीटी करू’, म्हणजे बॅलन्स ट्रान्सफर करून कर्ज दुसरीकडे हलवू, ही एजंटांच्या तोंडची गोष्ट इथं खरी आहे. फक्त बीटी फुकट होते हे खरं नाही. नवी प्रोसेसिंग फी, वकील-व्हॅल्युअरचा खर्च, महाराष्ट्रात गहाणाची नोंद करायची पुन्हा नोटीस ऑफ इंटिमेशन, हे सगळं मांडून मगच पाऊल उचलावं.

आता बिल्डरच्या ‘टाय-अप’ बँकेकडे वळू. ‘प्रोजेक्ट बँकेनं अप्रूव्ह केलाय, साहेब, टायटल क्लिअर आहे’ हे वाक्य मखमलाबादपासून आडगावपर्यंत ऐकू येतं. प्रकल्प आधी तपासलेला असला की फाइल लवकर सुटते, हे मान्य. पण बँकेचा वकील सर्च रिपोर्ट काढतो तो बँकेचं तारण शाबूत आहे का हे बघायला. ताबा वेळेवर मिळेल का, भोगवटा दाखला (ओसी) येईल का, सोसायटीच्या नावावर जमीन होईल का, याची हमी त्यात नसते. अपुऱ्या इमारतीचे पैसे बिल्डरला एकदम देऊ नका, बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे द्या, असं रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३मध्येच बजावलं होतं. तरीही एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दिल्ली परिसरातल्या बिल्डर आणि कर्ज देणाऱ्या संस्थांच्या साटेलोट्याची सीबीआयकडून चौकशी लावावी लागली. घर नाही आणि हप्ते चालू, अशी तिथल्या हजारो लोकांची गत झाली होती. बँकेचं नाव मोठं असून त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

माझा आग्रह टाय-अपवर विसंबण्याच्या नेमका उलट आहे. कर्ज देणाऱ्याची कडक छाननी ही गिऱ्हाइकाला फुकट मिळणारी तपासणी आहे, तिचा फायदा घ्या. टाय-अप यादीत नसलेल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेकडे मुद्दाम अर्ज करा. तिच्या वकिलानं सातबाऱ्यावरच्या जुन्या वारसाची हरकत काढली, एनए ऑर्डर मागितली, किंवा त्याच प्रकल्पावर बिल्डरनं कर्ज उचललेलं असल्यास ते देणाऱ्या संस्थेची तुमच्या फ्लॅटपुरती एनओसी मागितली, तर रागावू नका. महारेराच्या संकेतस्थळावर तोच प्रकल्प उघडा आणि बोजा, दावे काय नोंदलेत ते स्वतः वाचा. दोन बँकांनी फाइल परत केली आणि एजंट म्हणाला, ‘भाऊ, काळजी नको, तिसरी देते,’ तर त्या तिसरीपासून सांभाळा. कर्ज मिळणं आणि घर घेण्याजोगं असणं या दोन गोष्टी तिथं वेगळ्या होतात.

सहकारी बँकेचे अभिमानी आपल्याकडे पुष्कळ. १९५९च्या नामकोसारख्या बँका इथल्या व्यापारपेठेबरोबर वाढल्या, आणि ‘मॅनेजर ओळखीचा आहे’ हा नाशिकमध्ये अजून मोठा दाखला आहे. नागरी सहकारी बँकांची गृहकर्जाची मर्यादा जून २०२२मध्ये दुपटीनं वाढली, तेव्हा पैसा तिथंही मिळतो. पण रेपोला बांधण्याची सक्ती त्यांनाही नाही, आणि मॅनेजरची बदली होते. उलट बाजूची भीतीही पोकळ आहे. ‘बँक बुडाली तर माझ्या घराचं काय?’ याची धास्ती ठेवीदारानं घ्यावी. नोव्हेंबर २०१९मध्ये डीएचएफएल या गृहवित्त कंपनीचं संचालक मंडळ बरखास्त झालं, २०२१मध्ये कंपनी पिरामलकडे गेली. कर्जदारांची कर्जं माफ झाली नाहीत आणि घरंही गेली नाहीत, फक्त हप्ता घेणारा बदलला. कर्जदारानं विचारायचं ते हे, की मूळ खरेदीखत कुठं ठेवणार. पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत कागद परत न दिल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा नियम डिसेंबर २०२३पासून आहे.

बारीकसारीक खर्चांचं थोडक्यात सांगतो. अर्धा टक्का प्रोसेसिंग फी ३५ लाखांवर जीएसटीसह २०,६५० रुपये होते. ती घासाघीस करून कमी होते. कर्जासोबत गळ्यात मारलेला एकरकमी विमा जास्त घातक. लाखाचा हप्ता कर्जातच मिळवला तर साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांत त्याचे दोन लाख आठ हजार भरावे लागतात. विमा हवाच, पण टर्म पॉलिसी वेगळी आणि स्वतः घ्या. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी कर्जात बसत नाही, त्याची तजवीज आधीच हवी. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला नऊ लाखांच्या आत, पक्कं घर कुठंच नाही आणि फ्लॅट ३५ लाखांच्या आत असेल, तर प्रधानमंत्री आवास योजना २.० मधलं १ लाख ८० हजारांपर्यंतचं व्याज अनुदान आपल्याला लागू होतं का, हे सही करण्याआधी बँकेला विचारा. तक्रारीची वाटही तेव्हाच बघून ठेवा: बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं, गृहवित्त कंपनीविरुद्ध राष्ट्रीय आवास बँकेकडे.

एवढं सगळं लक्षात ठेवायची गरज नाही, कारण १ ऑक्टोबर २०२४पासून नव्या गृहकर्जाआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. व्याज, स्प्रेड, फी, विमा, आणि सगळं धरून खरा वार्षिक खर्च किती टक्के पडतो, ते त्यात लिहावं लागतं. वाचायला निदान तीन कामाचे दिवस मिळतात आणि कागद कर्जदाराला समजेल त्या भाषेत द्यावा लागतो. दोन संस्थांकडून तो घ्या, मराठीत मागा, आणि तीन दिवस पूर्ण होईपर्यंत कुणी कितीही घाई केली तरी सही करू नका.