दफ्तर कोणाच्या कपाटात?

भोर-वेल्ह्यातील गावमंडळे, जमाती, महिला मंडळे यांचे दिवस भरले, असे आता उघड बोलले जाते. समाजकार्य करायचे तर कंपन्यांच्या दारात जा, असा सल्लाही मिळतो. आम्हाला हे मान्य नाही.

कंपनी कायद्याचे कलम 135 हे 2014 पासून लागू आहे. मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावेत आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे ते सांगते. म्हणजे कारखाना जिथे, पैसा तिथे. तोरण्याच्या पायथ्याला कोण विचारणार? शिवाय 2021 पासून हा निधी घेणाऱ्या संस्थेला केंद्राकडे वेगळी नोंदणी लागते. मोठ्या संस्थांकडून छोट्यांकडे येणाऱ्या परदेशी निधीची वाट 2020 च्या दुरुस्तीने बंद केली.

मग पैसा नाहीच का? आहे, पण तो वाहून जातो. भाटघर धरण 1928 साली पुरे झाले. पाणी भोरचे, भिजली शेते बारामती-इंदापूर-फलटणची. मदतीलाही तेच वळण पडले आहे. रमजानमध्ये जकातीचे अडीच टक्के दूरच्या पावतीपुस्तकांवर जातात आणि मोहल्ल्यातल्या मुलीची वसतिगृहाची फी थकलेलीच राहते. जिथल्या श्रीमंतांकडून घ्यावे, तिथल्याच गरिबांना द्यावे, अशीच पैगंबरांची शिकवण आहे. गावकीची वर्गणीही मांडवात आणि डीजेत संपते.

खरा रोग दफ्तराचा आहे. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावे, असे कायदा सांगतो. इथे विश्वस्त वारून वर्षे लोटतात, तरी चेंज रिपोर्ट जात नाही. अध्यक्ष तेच. दफ्तर त्यांच्या कपाटात, शिक्का त्यांच्या खिशात. याच वेल्ह्यात ज्ञान प्रबोधिनीच्या आधाराने बचत गट उभे राहिले, बायकांनी पै-पैचा हिशेब राखला. त्या बायकांना जमातीच्या किंवा मंडळाच्या कार्यकारिणीत मात्र जागा नाही!

आमची मागणी साधी आहे. एकेका खोऱ्यातील लहान मंडळांनी जात-धर्म न पाहता मिळून एक नोंदणीकृत संस्था करावी. नोंदणीचा आणि हिशेबतपासणीचा खर्च वाटून घ्यावा. निम्म्या विश्वस्त महिला असाव्यात. दरवर्षीचा जमाखर्च चावडीच्या, मशिदीच्या आणि देवळाच्या भिंतीवर लावावा. हे ज्यांना नको असेल त्यांनी ‘संस्था चालत नाहीत’ असे म्हणू नये. ‘आम्ही चालू देत नाही’ असे खुशाल म्हणावे.